एरेलासवरची गोष्ट: वाचकांचं कोणतं म्हणणं मनावर घ्यायचं?

रानजाई

मंडळी, जरा सल्ला हवा आहे.

टॉल्किनच्या मिडल-अर्थ या काल्पनिक जगात घडणारी एक छोटी फॅनफिक्शन, म्हणजे चाहत्याने लिहिलेली गोष्ट, मी नुकतीच लिहिली. जेमतेम नऊशे शब्द. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये जादूगार गँडाल्फ आणि छोटा हॉबिट पिपिन रात्रीच्या वेळी घोड्यावरून गॉन्डोरच्या राजधानीकडे, मिनास तिरिथकडे चाललेले असतात, तेव्हा डोंगरांवर एकामागून एक इशाऱ्याचे जाळ पेटलेले दिसतात. पिपिन घाबरून विचारतो, या मुलखात ड्रॅगन आहेत का? मग गँडाल्फ सातही ठिकाणांची नावं घेतो: आमोन दीन, आयलेनाख, नारदोल, एरेलास, मिन-रिम्मोन, कालेनहाद आणि शेजारच्या मित्रराज्याच्या, रोहानच्या सीमेवरचा हालिफिरिएन. एरेलासच्या वाट्याला तिथे नुसतं नाव येतं. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. त्या टेकडीवर त्या रात्री कोण होतं? गारगोटी कुणी झाडली?

तर माझ्या गोष्टीत दोनच माणसं आहेत. म्हातारा पहारेकरी आणि पागेत काम करणारा पोरगा. संध्याकाळी म्हातारा टेकडीमागच्या झाडाची फांदी तोडून सरपणाच्या ढिगावर टाकतो. पोरगा घोड्यांना खरारा करतो. त्यात एक घोडी आहे, तिला त्याच्याशिवाय कुणीच हात लावू शकत नाही. म्हातारा पोराला जुन्या काळाच्या गोष्टी सांगतो. अमावास्येची काळोखी रात्र. पूर्वेला नारदोल पेटतो. म्हातारा गारगोटी झाडतो, पण सरपण दमट, नुसता धूर. तेव्हा पोरगा पागेत पळत जातो आणि घोडीच्या पायाखालचं कोरडं गवत कवेत घेऊन येतो. त्याने जाळ धरतो. खालून तीन स्वार येतात, घोडे बदलतात, आणि घोडी त्यांच्याबरोबर निघून जाते. शेवटी म्हातारा म्हणतो, "आपली नावं कुणाला कळणार नाहीत, पण आपला उजेड सगळ्यांना दिसेल."

आता अभिप्राय. बऱ्याच जणांनी 'अप्रतिम', 'अंगावर काटा आला' असं लिहिलं, बदाम टाकले. काहींनी विचारलं, पुढचा भाग कधी, पोरगा रोहानला जाणार का. एकाने लिहिलं, "एरेलासवर झाडं नाहीत, आणि त्या रात्री चंद्र होता. आधी पुस्तकं नीट वाचा, मग लिहा." एकीने लिहिलं, "पोरगा मेरी सू झालाय." एवढंच. आणि एका वाचकाने लिहिलं, "मध्येच कुठेतरी लक्ष उडालं, का ते सांगता येत नाही, सॉरी."

माझ्या सगळ्यात जवळची जागा म्हणजे पोरगा घोडीच्या पायाखालचं गवत काढतो ती. त्यासाठीच मी गोष्ट लिहिली. तिच्याबद्दल कुणीही अवाक्षर काढलेलं नाही, ना चांगलं ना वाईट. याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतंय.

यातलं काय मनावर घ्यायचं? नऊशे शब्दांच्या गोष्टीत झाडं आणि चंद्र इतके महत्त्वाचे असतात का? आणि 'लक्ष उडालं' या अभिप्रायाचं करायचं काय?

टिपकागद

रानजाई, तुमची गोष्ट मी दोनदा वाचली. एकदा सरळ, वाचक म्हणून, आणि एकदा पेन्सिल घेऊन. मी मैत्रिणींच्या फॅनफिक्शन प्रकाशित व्हायच्या आधी वाचून देते, बीटा रीडर म्हणतात तसं. त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, वेळ मिळेल तसं वाचा.

सुरुवात त्या 'लक्ष उडालं' म्हणणाऱ्यापासून करते, कारण तुम्हाला मिळालेला सगळ्यात मोलाचा अभिप्राय तो आहे. त्या माणसाने स्वतःला वाचताना नेमकं काय झालं तेवढंच सांगितलं. कारण शोधणं हे त्याचं कामच नाही, ते आपलं. माझंही लक्ष उडालं, आणि जागा दाखवते: तिसरा परिच्छेद. म्हातारा पोराला सांगतो की पूर्वी गॉन्डोरकडे सात दगड होते, दूरचं दिसायचं, तेव्हा या जाळांची गरजच नव्हती. माहिती बरोबर आहे. पुस्तकात गँडाल्फ पिपिनला हेच सांगतो. पण पिपिन परमुलखातला, त्याला यातलं काही ठाऊक नाही, म्हणून तिथे ते सांगणं शोभतं. तुमचा पोरगा त्याच टेकडीवर वाढलाय. हे त्याने इतक्यांदा ऐकलेलं असणार की म्हाताऱ्याने तोंड उघडताच तो पुढचं वाक्य म्हणून दाखवेल. म्हणजे म्हातारा पोराशी बोलतच नाहीये, पोराच्या खांद्यावरून आमच्याशी बोलतोय. वाचकाला हे शब्दांत पकडता येत नाही, पण तो तिथे गोष्टीतून बाहेर पडतो. तो परिच्छेद काढा. दगडांचा उल्लेख हवाच असेल तर पोराच्या तोंडी अर्धं वाक्य द्या, कंटाळलेल्या आवाजात.

आता झाडं. ज्याने लिहिलं त्याचा सूर वाईटच होता. 'आधी पुस्तकं नीट वाचा' असं कुणी कुणाला म्हणू नये, विशेषतः जो त्या जगावरच्या प्रेमापोटी लिहितो त्याला तर नाहीच. पण सूर बाजूला काढून ठेवा आणि माहिती तेवढी उचला, कारण ती खरी आहे. 'अनफिनिश्ड टेल्स' हे पुस्तक 1980 मध्ये टॉल्किनच्या मुलाने, ख्रिस्तोफर टॉल्किनने, वडिलांच्या कागदांतून संपादित करून काढलं. त्यातल्या टिपांमध्ये या जाळांबद्दल बरंच आहे, आणि एरेलास ही झाडं नसलेली हिरवी टेकडी होती असं स्पष्ट म्हटलंय.

आता हे तुमच्या गोष्टीवर ठेवून बघा. टेकडीवर झाड नाही. म्हणजे सरपणाचा प्रत्येक ओंडका खालून वर आलाय, कुणाच्या तरी पाठीवरून नाहीतर घोड्यावरून. तो उघड्यावर पडलाय, आडोसा नाही, म्हणून दमट आहे. तुमच्या गोष्टीत सरपण दमट का, याला आत्ता काही कारणच नाही. तुम्हाला अडचण हवी होती म्हणून ते दमट झालं, इतकंच वाटतं. आणि आता तुमची गवताची जागा बघा. ती कुणाला का दिसली नाही? कारण पहिल्याच परिच्छेदात तुम्ही झाड दाखवलंत. झाड म्हटलं की वाचकाच्या मनात त्याखाली काटक्या आल्या, पालापाचोळा आला. जाळ पेटवायला हाताशी सगळं आहे असं तो धरून चालतो, मग पोरगा पागेत पळाला काय आणि झाडाखाली पळाला काय, सारखंच. झाड काढून टाका. आता त्या अख्ख्या उघड्या टेकडीवर कोरडी अशी एकच गोष्ट उरते, घोडीच्या पायाखालचं गवत. पोराला तिला गार मातीवर उभी करूनच ते काढावं लागतं, आणि थोड्या वेळाने तिला लांबच्या दौडीवर पाठवायचंय. हे सगळं तुमच्या गोष्टीत आधीपासून होतं, त्या एका फांदीने झाकलेलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: त्या जगाचे तपशील महत्त्वाचे असतात, पण परीक्षेत गुण मिळवायला नव्हे. टॉल्किनने टेकडी बोडकी ठेवली तर तिथे जगणाऱ्या माणसाच्या दिवसात त्याचे परिणाम उतरतात, आणि ते परिणाम म्हणजे आपल्याला फुकट मिळालेलं कथानक. कुणी चूक दाखवली की मी आधी एवढंच बघते, की खरं ते घातलं तर गोष्टीत काय काय हलतं. काहीच हलत नसेल तर दुरुस्त करून पुढे जाते.

चंद्राचं तसंच आहे, शब्द बदला आणि पुढे व्हा. पुस्तकात त्या रात्री चंद्र उगवलेला आहे, जवळजवळ पूर्ण. आणि ते तीन स्वार गँडाल्फला ओलांडून जातात तेही चांदण्यातच. तुम्हाला तर फायदाच आहे, कारण काळोखात दमट सरपणाचा धूर दिसणार नाही, चांदण्यात दिसेल. धूर दिसतोय पण जाळ नाही, आणि पूर्वेला नारदोल धडधडतोय. म्हाताऱ्याचा जीव किती कासावीस होईल!

त्याच टिपांमधली अजून एक गोष्ट सांगते, ती वाचून मी तुमच्या म्हाताऱ्यासाठी हळहळले. नारदोलवर पहारा असायचा, सरपणाचा मोठा साठा असायचा, आणि तिथे मोठा जाळ केला तर तो स्वच्छ रात्री थेट हालिफिरिएनपर्यंत दिसायचा, जवळजवळ 120 मैलांवर. मधली तीन ठिकाणं किंचित दक्षिणेकडे झुकलेल्या रेषेत होती, म्हणजे त्यांची आड येत नव्हती. एरेलास आणि कालेनहाद ही लहान ठिकाणं, ती दर वेळी पेटवत नसत. ती पेटली म्हणजे संकट फार मोठं आहे असा अर्थ.

तुमच्या म्हाताऱ्याला हे ठाऊक असणारच ना? तो आयुष्यभर अशा ढिगाची राखण करतोय, जो पेटला नाही तरी निरोप पोचतो. आणि ज्या रात्री त्याची गरज लागते, ती गॉन्डोरची सगळ्यात वाईट रात्र. त्याला आनंद व्हावा की भीती वाटावी? तुमच्या आत्ताच्या गोष्टीत तो नुसता कर्तव्यदक्ष आहे. हे एक कळलं की तो माणूस होतो.

मेरी सूबद्दल थोडंच. 1973 मध्ये पॉला स्मिथने 'स्टार ट्रेक'च्या एका फॅन्झिनमध्ये, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या नियतकालिकात, एक विडंबनकथा लिहिली, तिच्या नायिकेचं हे नाव. ती सर्वगुणसंपन्न, सगळ्यांची लाडकी. त्या विडंबनात नेमकेपणा होता. आता मात्र कुणालाही एखादं पात्र आवडलं नाही की हा शिक्का मारला जातो, आणि शिक्क्याने लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तुम्ही त्या वाचकाला विनयाने विचारा, कोणत्या वाक्याशी असं वाटलं? माझा अंदाज, 'त्याच्याशिवाय कुणीच हात लावू शकत नाही' या वाक्याशी. घोड्यांना वश करणारा अनाथ पोर आम्ही फार वाचलाय. त्याऐवजी घोडी म्हाताऱ्याला चावते पण सहन करते, असं असलं तर? ती गेल्यावर मग दोघांचंही काहीतरी जातं.

आणि शेवटचं वाक्य. बहुतेक 'अंगावर काटा' त्याच वाक्याला आलाय, मला माहीत आहे, तरी सांगते. ते काढा. 'आपली नावं कुणाला कळणार नाहीत' हे तुमचं, लेखिकेचं दुःख आहे, आणि गोष्ट लिहून तुम्ही त्यावर उपाय केलेलाच आहे. म्हाताऱ्याला त्या क्षणी नावाची फिकीर नसेल, ढीग पहाटेपर्यंत पुरेल का याची असेल. ज्यांना काटा आला त्यांना तो आधीच्या पानभर मजकुराने आलाय, श्रेय मात्र त्या वाक्याला मिळालं, कारण ते शेवटी होतं.

पुढच्या वेळी 'कसं वाटलं?' असं विचारू नका. त्याला 'छान' हेच उत्तर येतं. वाचताना कुठे थांबलात, कुणाची काळजी वाटली, दुसऱ्या दिवशी काय आठवलं, असं काही विचारा. माणसं मनापासून सांगतात, फक्त त्यांना कुठे बोट ठेवायचं ते कळत नसतं.

उत्तररात्र

टिपकागद यांच्या टेकडीच्या मुद्द्याला दुजोरा. त्याच टिपांचा आधार घेऊन दोन गोष्टी जोडतो.

रानजाई, म्हाताऱ्याच्या तरुणपणी एकदा नारदोल पेटला होता आणि एरेलास पेटवला नव्हता, असा प्रसंग घालायचा मोह तुम्हाला आता होईल. मलाही झाला. पण गँडाल्फ पिपिनला म्हणतो की हे जाळ पेटून फार काळ लोटलाय. त्यामुळे तो प्रसंग म्हाताऱ्याच्या आजाच्या किंवा त्याहून आधीच्या काळात ढकलावा लागेल, ऐकीव गोष्ट म्हणून. तशी जागा भरपूर आहे. रोहानचे लोक टॉल्किनच्या कालगणनेतल्या तिसऱ्या युगाच्या 2510 साली त्या मुलखात आले आणि हे युद्ध 3019 मधलं. ही सगळी साखळी मुख्यतः रोहानला इशारा द्यायला होती, म्हणजे तिचं वय फार तर पाचशे वर्षांच्या आसपास. इतक्या काळात एका टेकडीवर किती पहारेकरी आले आणि गेले असतील!

दुसरं, ज्या वाचकांच्या डोक्यात सिनेमा आहे त्यांचा विचार करा. 2003 च्या सिनेमात पिपिन स्वतः चढून जाऊन मिनास तिरिथमधला जाळ पेटवतो आणि मग बर्फाच्या शिखरांवरून इशारा पुढे जातो. पुस्तकात पिपिन फक्त लांबून बघतो, आणि त्या सात नावांत मिनास तिरिथ नाही. दृश्य म्हणून सिनेमातलं मला अतिशय प्रिय आहे. पण तुमची टेकडी हिरवी आहे, तिथे पागा आहे, खाली रस्ता आहे. पुस्तकात म्हटलंय की या ठिकाणी ताजे घोडे कायम तयार ठेवलेले असत, उत्तरेला रोहानकडे नाहीतर दक्षिणेला बेलफालासकडे जाणाऱ्या निरोप्यांसाठी. पुस्तक धरून लिहिलंय की सिनेमा, हे गोष्टीच्या वर एका ओळीत सांगून टाकलं की निम्म्या दुरुस्त्या येणारच नाहीत.

एक शंका मात्र राहते. एरेलास दर वेळी पेटवत नसत, तर त्या रात्री पेटवायचा हे म्हाताऱ्याला कसं कळलं? टिपांमध्ये याचं उत्तर माझ्या तरी वाचनात नाही.

धूळपाटी

मला थोडं वेगळं म्हणायचंय, आणि ते टिपकागद यांच्या वाचनाबद्दल पूर्ण आदर ठेवून.

रानजाई यांनी इथे सल्ला मागितला, म्हणून एवढं सविस्तर लिहिणं योग्यच आहे. पण मूळ गोष्टीखाली त्यांनी सल्ला मागितला होता का? फॅनफिक्शनमध्ये जुना शिरस्ता आहे, ज्याला टीका हवी तो सुरुवातीच्या टिपेत तसं लिहितो, आणि लिहिलं नसेल तर आपण आवडलं तेवढं सांगतो. हा शिरस्ता मला प्रिय आहे. इथे कुणी पैशासाठी लिहीत नाही. माणसं दिवसभराचं काम आटोपून रात्री नऊशे शब्द लिहितात, कारण एरेलासवर कोण होतं हे त्यांना झोपू देत नाही. 'आधी वाचा, मग लिहा' अशा एका वाक्याने लिहिणं सोडून दिलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्या अर्ध्या राहिलेल्या गोष्टींचं पुढे काय झालं, हा प्रश्न मला अजून छळतो.

आणि बदामांना कमी लेखू नका. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर एका गोष्टीला एका वाचकाला एकदाच कुडोज, म्हणजे आवडल्याची खूण, देता येतं. तीच गोष्ट पुन्हा वाचली, पुन्हा रडू आलं, तर तो करणार काय? परत येऊन एक बदाम टाकतो. त्यामागे दुसरं, तिसरं वाचन असू शकतं. छापील फॅन्झिनच्या काळात, म्हणजे 1967 मध्ये 'स्टार ट्रेक'चं 'स्पॉकेनेलिया' निघालं त्या सुमारास, वाचक पत्र लिहून पाठवत आणि ती पत्रं पुढे छापलीही जात. तेव्हा पत्र लिहिण्याइतके कष्ट घेणाऱ्याचंच म्हणणं लेखकापर्यंत पोचायचं. आता ज्याला शब्द सुचत नाहीत त्याचंही पोचतं. मला हे फार चांगलं झालंय असं वाटतं.

शेवटच्या वाक्याबद्दल मी टिपकागद यांच्याशी सहमत नाही. ते मला आवडलं. म्हातारा एवढी वर्षं गप्प होता, एकदा बोलला तर बोलू दे.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. धूळपाटी, तुम्ही बदामांबद्दल लिहिलंत ते वाचून मी परत जाऊन प्रत्येक बदामाला उत्तर दिलं. त्यातल्या एकीने लिहिलं की तिने गोष्ट वडिलांना वाचून दाखवली होती. हे मी उत्तर दिलं नसतं तर कळलंच नसतं.

झाड काढलं. तिसरा परिच्छेदही गेला, सात दगड गेले. चंद्र आला. ज्याने झाडांबद्दल लिहिलं त्यालाही आभाराच्या दोन ओळी लिहिल्या, आणि त्याने लगेच त्या टिपेचं पान कळवलं, अगदी आपुलकीने. बहुतेक त्यालाही ती टेकडी तितकीच जवळची आहे.

उत्तररात्र, तुमच्या शंकेवर बराच विचार केला. पुस्तकात नाही तर ते मी ठरवू शकते, असं धरून चालले आहे. नवी सुरुवात अशी:

"दुपारी मिनास तिरिथहून आलेला स्वार घोड्यावरून उतरलाही नाही. म्हणाला, या खेपेला नारदोल दिसला की तुम्हीही पेटवायचं. म्हाताऱ्याने त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. स्वार गेल्यावर तो ढिगाकडे गेला आणि वरचे ओंडके उचलून खालचे चाचपू लागला. खालचे ओले होते. ते त्याला गेल्या पावसाळ्यापासून ठाऊक होतं. एरेलास कोण पेटवतो, असं म्हणून त्याने ते तसेच राहू दिले होते."

आणि घोडीचा भाग:

"पोराने तिचा पाय उचलून बाजूला ठेवला, मग दुसरा. ती हलली नाही. गवत काढताना त्याने खालची माती तळहाताने चाचपून बघितली आणि अंगातलं कांबळं काढून तिथे पसरलं."

नारदोल थेट हालिफिरिएनला दिसतो हे कुठे सांगू? सांगितलं तर परत तिसऱ्या परिच्छेदासारखं होईल अशी भीती वाटते. आणि शेवटचं वाक्य अजून ठेवलंय. टिपकागद आणि धूळपाटी, तुम्हा दोघांचंही पटतंय, हीच पंचाईत आहे.

टिपकागद

रानजाई, कांबळं! ते कुणीच सुचवलं नव्हतं, ते तुमचं आहे. ते वाचताना मी थांबले, आणि तुमच्या घोडीला मी आता विसरणार नाही.

'एरेलास कोण पेटवतो, असं म्हणून त्याने ते तसेच राहू दिले होते' या वाक्यात तुमचं काम झालेलं आहे. नारदोलचे 120 मैल, ती झुकलेली रेषा, काही सांगायची गरज नाही. इथे पेटवायची वेळ येत नाही हे वाचकाला कळलं, आणि म्हाताऱ्याच्या मनाला आता काय टोचणार तेही कळलं. ज्याला टिपा माहीत आहेत तो मनातल्या मनात खूष होईल, ज्याला माहीत नाहीत त्याचं काही अडणार नाही. फक्त 'गेल्या पावसाळ्यापासून' पुन्हा बघा. तिकडच्या हवामानात वेगळा पावसाळा असावा असं वाटत नाही. 'हिवाळ्यापासून' म्हणा, युद्ध मार्च महिन्यातलं आहे, बर्फ वितळून लाकडं भिजली हेही जुळेल.

धूळपाटी, गोष्टीखाली न मागता टीका करू नये हे मला मान्य आहे, मी तिथे फक्त बदामच टाकला होता. शेवटच्या वाक्याबद्दल आपलं जमणार नाही असं दिसतंय, आणि ते ठीकच आहे. पण नव्या सुरुवातीनंतर पुन्हा एकदा वाचून बघाल का? आधीचा म्हातारा मोठ्या मनाचा होता, त्याला ते वाक्य शोभत होतं. या नव्या म्हाताऱ्याने ओलं सरपण तसंच राहू दिलंय आणि पोराच्या हुशारीने आज अब्रू वाचलीय. तो 'आपला उजेड' म्हणेल का? मला वाटतं तो पोराकडे बघणारही नाही, पागेत जाऊन ते कांबळं झटकून आणेल.

रानजाई, दोन्ही शेवट लिहून काढा आणि ज्याने 'लक्ष उडालं' म्हटलं होतं त्या वाचकाला पाठवून विचारा, वेळ असेल तर दोन्ही वाचणार का. तो खरं सांगणारा माणूस आहे. मलाही पाठवा, रविवारपर्यंत वाचून कळवते.